जस्ताचं बोट

लग्न झाल्यावर कितीतरी दिवस जानकीनं नवऱ्याला हाक मारलीच नाही. जेवायला बोलवायचं असलं की ती दारात उभी राहून बांगड्या वाजवायची, नाहीतर उगीच खोकायची. रघु तिचा सख्खा मामा होता. बोलायला लागल्यापासून त्याच्यासाठी तोंडात बसलेला एकच शब्द, तो एका मुहूर्तावर पुसून कसा टाकायचा? शेवटी समोरच्या कन्नड बायका नवऱ्यांना 'री' म्हणून हाक मारतात, तशी तीही 'री' म्हणायला लागली. सासूला मात्र ती आजीच म्हणत राहिली. 'आता मी तुझी अत्ते, सासू,' असं शकुंतलाबाई हसत म्हणायच्या, पण त्यांनाही आजीच ऐकायला आवडायचं.

म्हैसुरातल्या जुन्या मराठी घरांत याचं कुणाला काही वाटत नाही. राजाच्या फौजेत आलेल्या शिपायांची ही घरं. घोडे गेले, तलवारी गेल्या, घरात बोलायला मराठी उरली आणि तीही निम्मीशिम्मी कन्नड होऊन बसली. आजूबाजूच्या चालीरीती अंगात मुरल्या, त्यांत मामाशी लग्न ही एक.

जानकी शाळेत असतानाच तिची आई वाणी गेली. बापानं शिवमोग्याला दुसरा संसार थाटला. जानकीला आणि तिच्या धाकट्या भावाला, निशांतला, आजीनंच पदराखाली घेतलं. पोरगी अभ्यासात बरी होती. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलं होतं, पुढे बी.एस्सी. करायचं मनात होतं. पण शकुंतलाबाईंना झोप येईना. 'बिनआईची पोर, बाहेर देऊन तिचे हाल झाले तर वर वाणीला काय तोंड दाखवू? घरची लेक घरात राहू दे.' त्यांचा धाकटा मुलगा रघु बिनलग्नाचा होताच. जानकी नाही म्हणाली नाही. ती हो म्हणाली, असंही कुणाला आठवत नाही.

रघु माणूस वाईट नव्हता. देवराज मोहल्ल्यात शाळांचे गणवेश शिवायचं त्याचं दुकान. आवाज खालचा, मान खाली, आईच्या शब्दाबाहेर नाही. जानकीला घराजवळच्या अंगणवाडीत शिक्षिकेची जागा मिळाली तेव्हा त्यानंच आईला समजावलं. जानकीनं ते काम मनापासून केलं. पोरांची वजनं घ्यायची, दूध-अंडी वाटायची, आयांना समोर बसवून सांगायचं, की बाळाला कोवळ्या उन्हात घ्या, रागीची गंजी, म्हणजे नाचणीची पेज, पाजा, थेंब चुकवू नका. एखाद्या पोराचे पाय वाकडे दिसले तर ती त्याच्या आईला रागवायची सुद्धा. 'एवढंसं करायला जमत नाही तुम्हांला?' असं म्हणायची. आया मान खाली घालायच्या.

वल्लरी जन्मली ती डोकंभर केस घेऊन. शकुंतलाबाईंनी तिला पणती म्हणावं की नात, यावर घरात हसू झालं, कारण ती दोन्ही होती. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उशीवर केस दिसायला लागले. जावळाचे केस असेच जातात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. नंजनगूडच्या देवळात नेऊन रीतसर जावळ काढलं. त्यानंतर केस आलेच नाहीत. भुवयाही गेल्या. पापण्या तेवढ्या राहिल्या, लांब आणि दाट, त्यामुळे ते उघडं डोकं आणखीच उघडं वाटायचं.

मग पाय. सगळी पोरं चालायला लागली तरी वल्लरी बसूनच. चालली तेव्हा बदकासारखी, दोन्ही गुडघे बाहेर फेकत. मनगटं जाड झाली. उचलून घेतलं की रडायची, आणि का रडते ते कळायचं नाही. पुढं कळलं की तिची हाडं दुखायची. आई उचलते तेव्हाही दुखायची.

बसमध्ये, बाजारात बायका तिच्याकडे बघून म्हणायच्या, 'पाप!' कन्नडमध्ये त्याचा अर्थ फक्त 'बिचारी' एवढाच. जानकीला लहानपणापासून ठाऊक होतं. पण तिच्या कानात मराठीही होती, आणि दिवसातून अनेकदा पोरीकडे बोट करून 'पाप' म्हटलेलं ऐकलं की तिला दुसरा अर्थच आधी ऐकू यायचा.

मुडदूस आहे, हे मोठ्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं. ड जीवनसत्त्वाची कमतरता. थेंब लिहून दिले. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला, हाडं तशीच. डोस वाढवला. तरी तशीच. डॉक्टर अनंतकृष्ण नावाजलेले होते, त्यांच्यामागे विद्यार्थ्यांचा घोळका असायचा. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि कन्नडमध्ये विचारलं, 'अम्मा, औषध देता का खरंच?'

'देते सर. रोज देते.'

'एवढं औषध दगडाला दिलं असतं तर त्याला हाडं फुटली असती.' मग विद्यार्थ्यांकडे वळून ते इंग्रजीत म्हणाले की आई औषध देत नाही, अशा घरांत हे नेहमीचंच, आणि वर विचारलं तर खोटं बोलतात. एका मुलीनं ते लिहून घेतलं. या बाईला इंग्रजी कळत असेल, हे त्यांपैकी कुणाच्या मनात आलं नाही. रघुला सगळं कळलं नाही, पण सूर कळला. घरी आल्या आल्या त्यानं ते आईला सांगितलं.

संध्याकाळी शकुंतलाबाईंनी तिला देवघरापाशी बोलावलं. 'खरं सांग. देतेस की नाही?'

'आजी, तुझ्यासमोर तर देते.'

'माझ्यासमोर देतेस. माझ्यामागं काय करतेस ते मला काय ठाऊक? दुसऱ्यांच्या पोरांना दूध पाजायला जातेस सरकारचं. स्वतःच्या पोरीला उन्हात धरायला वेळ नाही तुला.'

दुसऱ्या दिवसापासून औषधाची बाटली शकुंतलाबाईंच्या कपाटात गेली, किल्ली त्यांच्या कमरेला. रोज सकाळी त्या स्वतः वल्लरीला मांडीवर घेऊन थेंब द्यायच्या आणि जानकीला समोर उभं करायच्या. जी आजी लहानपणी तिच्या तापात कपाळावर पट्ट्या ठेवत बसायची, तीच ही. महिने गेले. हाडं तशीच राहिली. शकुंतलाबाई म्हणाल्या, 'आधीच उशीर करून ठेवलास, आता मी तरी काय करू?'

अंगणवाडीतही बोलणी सुरू झाली. जी बाई आम्हांला शिकवते तिच्याच पोरीचे पाय बघा. एकदा पर्यवेक्षिका येऊन गोड आवाजात सांगून गेल्या, की वजनाच्या दिवशी मुलीला इथे आणलं नाही तर बरं, आयांचा विश्वास बसत नाही. जानकी 'आयतु मॅडम', म्हणजे बरं मॅडम, म्हणाली. त्या दिवशी एक बाई वाकड्या पायांचं पोर घेऊन आली होती. जानकीनं वजन केलं, आकडा लिहिला. नेहमीचं वाक्य तोंडाशी आलं, पण बाहेर पडलं नाही. बाई वाट बघत बसली. मग उठून गेली.

त्या मोठ्या दवाखान्यात अनंतकृष्ण रजेवर असताना एक तरुण डॉक्टर बसले होते. त्यांनी वल्लरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, 'केस कधीपासून नाहीत?' इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पाय एका खोलीत दाखवायचे, केस दुसऱ्या खोलीत, असंच चाललं होतं. त्यांनी रक्ताची वेगळीच तपासणी लिहिली. तिचा अहवाल आला तेव्हा त्यांनी जानकीला बसवलं आणि सांगितलं, 'हिच्या रक्तात ड जीवनसत्त्व भरपूर आहे. त्याचं जे कामाचं रूप असतं, ते तर असायला हवं त्याच्या कितीतरी पट आहे. तुम्ही औषध देत होता, अम्मा.'

जानकीला वाटलं होतं की असं कुणी म्हटलं तर आपण ओक्साबोक्शी रडू. रडू आलं नाही. ती म्हणाली, 'हे तुम्ही मोठ्या डॉक्टरांना सांगाल का?' तरुण डॉक्टर खाली बघून कागद चाळायला लागले.

तिथून त्यांना म्हैसुरातल्याच विजयनगर भागात पाठवलं. तिथं एका लहानशा दवाखान्यात आनुवंशिक आजारांचं बघणाऱ्या डॉक्टर होत्या. पाटीवर मृण्मयी हे नाव बघून रघु कुजबुजला, 'आपल्यातली दिसते.' ती पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेली. मराठी ऐकून तिचा चेहरा फुलला, पण दोन वाक्यांतच दोघींना कळलं की ही मराठी वेगळी आणि ती मराठी वेगळी. जानकी बोलताना मधेच कन्नडमध्ये घसरायची आणि मृण्मयी वाक्य पुरं व्हायची वाट बघायची.

'तुमचं आणि यांचं लग्नाआधीचं काही नातं?'

'मामा आहेत माझे.'

'म्हणजे मामाचा मुलगा?'

'नाही. मामाच. आईचा सख्खा भाऊ.'

मृण्मयीच्या हातातलं पेन थांबलं. क्षणभरच. मग ती घाईघाईनं म्हणाली, 'हो, हो, इकडे असतं. आमच्याकडेही मामाची मुलगी करतात की.' पण जानकीनं तो क्षण बघितला होता. तिघांचंही रक्त घेतलं. अहवाल यायला बरेच आठवडे लागले, आणि तो ऐकायला जानकी एकटीच गेली. रघुला गणवेशांचा हंगाम होता.

मृण्मयीनं त्या दिवशी दार लावून घेतलं आणि सावकाश सांगितलं.

'तुम्ही विज्ञान शिकलाय, म्हणून नीट सांगते. ड जीवनसत्त्व पोटात गेलं की आपोआप हाड होत नाही. पेशीत त्याला झेलणारं एक प्रथिन असतं. ते जीवनसत्त्वाला धरतं आणि डीएनएपाशी जातं. तिथं ठराविक जागी बसलं, तरच आतड्याला निरोप जातो की जेवणातलं कॅल्शियम आत घे. आता ते डीएनएवर बसतं कशानं? त्याला दोन बोटं असतात. झिंक फिंगर म्हणतात. जस्ताची बोटं.'

'जस्त म्हणजे, आपला तो धातू?'

'तोच. प्रथिन म्हणजे एक लांबच लांब साखळी. तिचा एक भाग वळून परत येतो आणि मध्ये जस्ताचा एक अणू चार बाजूंनी धरून ठेवतो. त्या अणूमुळे वळण घट्ट राहतं, नाहीतर साखळी नुसतीच लोंबेल. असं बोट तयार झालं की त्याची एक बाजू डीएनएच्या पिळाला जी खाच असते, तिच्यात शिरते.' तिनं डाव्या हाताची मूठ सैल वळली आणि उजवं बोट त्यात घातलं. 'आत डीएनएची अक्षरं असतात. बोट ती चाचपतं. हवी ती अक्षरं लागली की तिथं धरून बसतं. दुसरं बोट आपल्या जोडीदार प्रथिनाला घट्ट ठेवायला मदत करतं. हे सगळं जुळलं की काम सुरू.'

'आणि वल्लरीचं?'

'बोट आहे. जस्तही आहे. पण बोटाचा जो कण डीएनएला प्रत्यक्ष धरतो, त्याच्या जागी दुसराच कण आलाय. एका अक्षराची चूक. त्यामुळे ते प्रथिन जीवनसत्त्व घेऊन डीएनएपर्यंत जातं आणि तिथं त्याला धरताच येत नाही. केसांच्या मुळांनाही हेच प्रथिन लागतं, म्हणून केस नाहीत. तुम्ही कितीही थेंब दिले असते तरी उपयोग नव्हता.'

जानकी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. 'मग जस्ताच्या गोळ्या दिल्या तर?'

'नाही. जस्त कमी नाहीये.'

'उन्हात धरलं असतं तर?'

'नाही.'

'आणखी लवकर आणलं असतं तर?'

 'चूक तशीच राहिली असती. पण उपचार आधी सुरू झाले असते.' मग मृण्मयीनं उरलेलं सांगितलं. ही चूक एकाच बाजूनं आली तर काही होत नाही, माणसाला कळतही नाही. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आली तरच असं मूल होतं. जानकीकडे एक आहे, रघुकडे एक. दोघांकडेही ती एकाच घरातून आली असणार. रघुच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून. पुढच्या प्रत्येक मुलाला चारांत एक धोका.

घरी येऊन जानकीनं जमेल तसं सांगितलं. रघुनं सगळं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून झिंकच्या गोळ्या घेऊन आला. 'तूच तर म्हणालीस जस्ताचं काहीतरी,' तो म्हणाला. तिनं त्या गोळ्या त्याच्या हातातून घेतल्या आणि फडताळात ठेवल्या. पुन्हा समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

शकुंतलाबाईंनी मात्र एकच गोष्ट नीट ऐकली होती. 'माझ्याकडून नाहीतर ह्यांच्याकडून? माझी तीन लेकरं. एकाचं हाड वाकडं निघालं का? ह्यांच्या केसांचा तर टोप वाटायचा लोकांना. तुझ्या बापाचं घराणं कुणी बघितलंय? शिवमोग्याला जाऊन विचार.'

'आजी, बापाकडून आली असती तर तुझ्या लेकात कशी आली? माझ्यात आईकडून आली. आई तुझी लेक.'

'मेलेल्या माझ्या लेकीवर जातेस?'

रघु दारात उभा होता. जानकीनं त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, 'जाऊ दे आता. सुम्मने वाद कशाला.' सुम्मने म्हणजे उगाच. पोरीला बिघडलेलं बोट कुठून आलं आणि आईला इतकी वर्षं चोर का ठरवलं, हा वाद उगाचचा होता.

उपचार म्हणजे कॅल्शियम सरळ रक्तात सोडायचं. आतड्याला निरोप जात नाही, तर त्याला वगळून जायचं. कित्येक महिने वल्लरीला विजयनगरच्या दवाखान्यात नळी लावून झोपवायचे. जानकी सकाळी अंगणवाडी आटोपून जायची. हळूहळू पोरीची हाडं दुखायची थांबली. एका दुपारी जानकीनं तिला पलंगावरून उचललं आणि ती रडली नाही. जानकी तिला तशीच घेऊन उभी राहिली. नर्स म्हणाली, 'खाली ठेवा, नळी ओढली जाईल,' तेव्हा कुठं ठेवलं. पाय पुष्कळ सरळ झाले, पुरते नाही. पुढं नळीऐवजी रोज कॅल्शियमच्या मोठ्या गोळ्या आल्या, त्यातलं थोडंफार आतडं निरोपावाचूनही आत घेतं. केस येणार नव्हते, ते मृण्मयीनं आधीच सांगितलं होतं.

आजीनं मग दुसऱ्या मुलाचं काढलं. पाय बरे झाले ना, मग आता एक मुलगा होऊ दे. जानकी नाही म्हणाली. या वेळी नाही म्हटलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. रघु म्हणाला, 'चारांत तीन चांगली होतात म्हणाल्या ना डॉक्टर? आई म्हणते त्यातही...'

'मामा,' जानकी म्हणाली, 'मला नको.'

किती वर्षांनी तिनं त्याला त्या शब्दानं हाक मारली.  त्यानंतर तिनं त्याला 'री' म्हटलं नाही. दोन गल्ल्या सोडून तिनं एक खोली भाड्यानं घेतली आणि वल्लरीला घेऊन तिथं राहायला गेली. भांडण झालं नाही, कुणी आडवंही आलं नाही. रघु रविवारी यायचा, वल्लरीसाठी शिवलेला फ्रॉक आणायचा, टोपीही त्याच कापडाची. जाताना जानकीला विचारायचा, काही हवं का. तिला जे हवं होतं ते एवढंच, की त्यानं एकदा आईसमोर उभं राहून म्हणावं, हिनं औषध दिलं होतं. ते तो कधी म्हणाला नाही.

निशांतचं लग्न ठरल्याचं तिला शेजारणीकडून कळलं. मुलगी मधू, रघुचे थोरले भाऊ फत्तेसिंगराव यांची लेक. म्हणजे निशांतच्या थोरल्या मामाची मुलगी. घरची लेक पुन्हा घरात.

जानकी त्याच दिवशी निशांतला त्याच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन भेटली. 'निशी, रक्त तपासून घे. तुम्ही दोघंही. तुझ्यात आईकडून आलेली असू शकते, तिच्यात थोरल्या मामाकडून.'

'अक्का, तू घरात सांगू नकोस हं काही.'

'मी तुला सांगतेय.'

तो आला. विजयनगरला, दुपारचा, हेल्मेट न काढता पायऱ्या चढला. त्यानं रक्त दिलं आणि काही आठवड्यांनी फोन केला. 'आहे, अक्का. माझ्यात आहे.' मग म्हणाला, 'तुला वल्लरीची शप्पथ, कुणाला सांगू नकोस.' जानकी मृण्मयीकडे गेली. मृण्मयी म्हणाली, 'मी तर कुणाला सांगूच शकत नाही. त्याचा अहवाल त्याचा.' आणि थोड्या वेळानं, 'तुम्हालाही काय सल्ला द्यावा मला कळत नाही.'

शप्पथ मोडायची की मधूला अंधारात ठेवायचं, यात जानकी काही दिवस जळत राहिली. शेवटी तिनं शप्पथ मोडली. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात मधू कपडे शिवून घ्यायला रघुच्या दुकानात येते, हे तिला ठाऊक होतं. तिनं तिला बाहेर बोलावलं आणि शेजारच्या फुलवाल्याच्या टपरीमागं उभं राहून सगळं सांगितलं.

मधूनं शांतपणे ऐकलं. 'मला ठाऊक आहे अक्का. त्यानं सांगितलं.'

'मग तू तपासलंस?'

'नाही.'

'अगं, का? नुसतं रक्त द्यायचं. तुझ्यात नसेल तर प्रश्नच मिटला. असेल तर पोटात असतानाच बाळाची तपासणी होते.'

'आणि माझ्यात निघालं तर?' मधूचा आवाज चढला नव्हता. 'निशांतमध्ये निघालं, तरी तो अजून नवरामुलगाच आहे. माझ्यात निघालं तर अप्पा हे लग्न मोडतील, आणि मग मला कोण करेल? माझ्या धाकटीला कोण करेल? मोहल्ल्यात लपतं का काही? तुला काय म्हणतात ते मी ऐकते ना रोज.'

'काय म्हणतात?'

 मधूनं जानकीचा हात धरला, सोडला, आणि दुकानात परत गेली.

पण कुणीतरी दोघींना बोलताना बघितलं होतं. संध्याकाळी फत्तेसिंगराव खोलीच्या दारात आले. मोठा माणूस, लहानपणी तिला खांद्यावर बसवून दसऱ्याची मिरवणूक दाखवणारा. ते आत आले नाहीत.

'तुझं जे झालं त्याचं वाईट वाटतं आम्हांला,' ते म्हणाले. 'पण माझ्या पोरीच्या अंगाला डाग लावू नकोस. लग्नाला ये. हक्कानं ये. पोरीला मात्र कुठंतरी ठेवून ये. व्याही-पाहुणे येतील, दहा जण विचारतील.'

'व्याही कोण, मामा? दोन्हीकडून आपणच आहोत.'

ते क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, 'ते तुला कळलं म्हणजे झालं,' आणि निघून गेले.

जानकी लग्नाला गेली नाही. मांडवातल्या सनईचे सूर दोन गल्ल्यांवरून येत होते. वल्लरीनं विचारलं, कुणाचं लग्न. जानकी म्हणाली, निशीमामाचं. आपण का नाही गेलो, हे पोरीनं विचारलं नाही. न विचारायचं तिला इतक्या लहानपणी कळायला लागलंय, हे जानकीला सनईपेक्षा जास्त लागलं.

वर्ष-सव्वा वर्षानं मधूला मुलगा झाला. दाट केसांचा. सगळं घर त्याचे केस विंचरत बसलं. जानकीनं फक्त फोटो बघितला. वल्लरीचेही असेच होते, हे तिला आठवल्यावाचून राहिलं नाही, आणि ती दिवस मोजत राहिली. देवाजवळ जाऊन तिनं त्या मुलासाठी मागणं मागितलं, तेही खरं. पण मागताना मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी दुसरंच सळसळलं, आणि ते ओळखून ती इतकी घाबरली की हात न जोडताच मागं फिरली.

मुलाचे केस गेले नाहीत. जावळ काढलं, पुन्हा आले, आधीपेक्षा काळे. दीड वर्षाचा होईतो तो धावायला लागला. मधूमध्ये ती चूक नव्हती की होती आणि नशिबानं मुलगा वाचला, कुणाला ठाऊक नाही. कुणाला ते जाणून घ्यायचंही नव्हतं.

शकुंतलाबाईंचा फोन आला. कितीतरी महिन्यांनी. आवाज थकलेला होता, पण आनंदी.

'ऐकलंस ना? हरणासारखा पळतो. माझ्या रक्तात दोष असता तर हे पोर असं निपजलं असतं?'

जानकीपाशी उत्तर होतं. चारांत एक म्हणजे काय, एकाच बाजूनं आली तर काय होतं, सगळं पाठ होतं. तिनं ते मृण्मयीपेक्षाही सोपं करून सांगितलं असतं.

'बरं झालं आजी,' ती म्हणाली. 'पोर चांगलं आहे, बरं झालं.'

'तेच म्हणते मी. तूही आता राग सोड. रघुच्या जेवणाचे हाल आहेत. आणि त्या वेळी जे झालं ते झालं. थेंब चुकले असतील, चुकतात. मी मनात ठेवलेलं नाही.'

जानकीनं फोन कानापासून दूर धरला. आतून अजून बोलणं येत होतं. वल्लरी शाळेचा डबा भरून दाराशी थांबली होती, डोक्यावर टोपी, हातात कॅल्शियमची गोळी, पाण्याची वाट बघत. जानकीनं फोन बंद केला आणि तिला पाणी दिलं.

संध्याकाळी तिनं निशांतला फोन लावला. त्याचा आणि मधूचा दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय, हे तिच्या कानावर आलं होतं.

'निशी, या वेळी तरी तिचं रक्त...'

'अक्का,' तो म्हणाला, 'पुरे आता,' आणि त्यानं फोन ठेवला.